कर्मवीरांचा संसार

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन शेतकरी घराण्यात झाला. शिक्षणासाठी कोल्हापुरातील जैन वसतिगृहात असता, अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धिस्नान करण्यास त्यांनी नकार दिला व तेथील आश्रय गमावला. तो त्यांना राजर्षी शाहू महाराजांकडे लाभला. समाजाच्या इतिहासातील हे पान अवघड खरे. परंतु झाकून ठेवण्याजोगे नाही.

सन १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या कार्याचा खरा भार मात्र सौ. लक्ष्मीबाईंनी वाहिला. सुखवस्तू घरात, सोवळ्या-ओवळ्याच्या वळणात वाढलेल्या या माउलीस पतीचा मार्ग प्रारंभी जड गेला असल्यास नवल नाही. पुढे मात्र त्याच हातांनी सर्व जातींच्या लेकरांना जेवू घातले. शिधा संपला की अंगावरील एकेक दागिना जाई. शेवटी मुलांच्या अन्नासाठी मंगळसूत्रही गेले. माहेरच्या सोन्याची अशी वाट लागताना पाहणाऱ्या नातलगांना काय वाटले असेल!

१९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. दि. ९ मे १९५९ रोजी कर्मवीरांचे देहावसान होईपर्यंत, एकोणतीस वर्षे, संस्थेचा संसार त्यांनी एकट्याने वाहिला. लक्ष्मीबाईंना महाराष्ट्र ओळखतो, तो रयतमाउली या नावाने.