हसवणारे मास्टर : विनायक कर्नाटकी

१९३८ साली हॉलिवूडमध्ये 'ब्रिंगिंग अप बेबी' आला. एक भोळा संशोधक आणि त्याच्या मागे हात धुवून लागलेली बिनधास्त मुलगी, अशी त्याची स्टोरी. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे कॅरी ग्रँट मला आधी भेटला. पण मित्रांनो, त्याच वर्षी मराठीतही असाच धमाल पिक्चर निघाला होता : 'ब्रह्मचारी'. दिग्दर्शक आणि हिरो एकच, मास्टर विनायक!

विनायक दामोदर कर्नाटकी यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ चा, कोल्हापूरचा. सुरुवातीला ते शाळेत शिक्षक होते. मग प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) मध्ये नारद झाले. १९३६ मध्ये बाबुराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासोबत त्यांनी 'हंस पिक्चर्स' काढली. पहिला 'छाया' वि. स. खांडेकरांचा, एकदम गंभीर. पुढे आचार्य अत्र्यांची लेखणी मिळाली आणि गाडी विनोदाकडे वळली.

'ब्रह्मचारी'तला औदुंबर एक भाषण ऐकून पेटतो. खोलीतले नट्यांचे फोटो फेकतो, जोर-बैठका काढतो. (आपल्या हॉस्टेलवरही असे दोन-चार आहेतच!) तेवढ्यात किशोरी येते आणि प्रतिज्ञेचे तीनतेरा वाजतात. मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख तेव्हा फार गाजला. मला मात्र किशोरीची हिंमत जास्त आवडते. प्रेमात पुढाकार तिचा, आणि त्याबद्दल पिक्चर तिला शिक्षा करत नाही. आमच्या नाचणगावात आजही एखादीने असं केलं, तर थेट पुलगाव स्टेशनपर्यंत चर्चा होईल! विनायकरावांनी ते तेव्हाच हसत हसत दाखवून टाकलं.

पुढे 'ब्रँडीची बाटली' (१९३९), 'लग्न पहावे करून' (१९४०) आले. १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेल्यावर मंगेशकर कुटुंबाला त्यांनीच आधार दिला. छोट्या लताला 'पहिली मंगळागौर'मध्ये काम मिळालं.

स्वातंत्र्य मिळालं आणि चारच दिवसांनी, १९ ऑगस्ट १९४७ ला, ते गेले. वय फक्त ४१. मुलगी नंदा तेव्हा आठ वर्षांची. घरासाठी ती लहानपणीच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

परीक्षा संपल्यावर कॉमन रूममध्ये एकदा 'ब्रह्मचारी' लावू या. गर्ल्स हॉस्टेललाही बोलवा. खरी मजा त्यांनाच येईल.