पूज्य साने गुरुजी : पांडुरंगाच्या दारासाठी दहा दिवस



आपली दिंडी पंढरीला पोचते, चंद्रभागेचं स्नान होतं, नामदेव पायरीला हात लागतो, आणि बारीत उभं राहून आपण आत जातो. विठुरायाच्या पायावर डोकं टेकतो. आपल्या पुढं कोण होता, मागं कोण होता, त्याची जात कोणती, हे कुणी विचारत नाही. पण आपल्या दिंडीची पहिली पावलं पंढरीच्या वाटेला लागली तेव्हा असं नव्हतं. तेव्हा टाळ सगळ्यांच्या हातात होता, पण गाभारा सगळ्यांचा नव्हता. चोखोबारायांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि त्यांच्या मागून आलेल्या कितीतरी पिढ्यांनी तिथूनच कळसाला हात जोडले. ते दार उघडावं म्हणून ज्यांनी आपला जीव पणाला लावला, त्या साने गुरुजींचं चरित्र या शताब्दीच्या पुस्तकात असायलाच हवं.

गुरुजींचं नाव पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. घराणं एकेकाळी खोताचं, पण गुरुजींच्या लहानपणी गरिबी आलेली. आई यशोदाबाई. ही माउली म्हणजेच ‘श्यामची आई’. त्या पुस्तकातली एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. एका महार म्हातारीच्या डोक्यावरची मोळी खाली पडते, आणि आई श्यामला ती उचलून द्यायला पाठवते. अंघोळ काय, घरी येऊन करता येईल. त्या बाईनं आपलं सोवळं मोडलं नाही, पण सोवळ्यापायी म्हातारीला उन्हात ताटकळतही ठेवलं नाही. गुरुजींनी पुढं जे केलं त्याचं बी इथंच पडलं असावं.

शिक्षण कष्टानं झालं. पुढं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक झाले. अमळनेर म्हणजे सखाराम महाराजांचं गाव, वारकऱ्यांना परकं नाही. तिथल्या छात्रालयात गुरुजी मुलांची आईसारखी सेवा करत. १९३० साली नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले. मग तुरुंग सुरू झाले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत. ती प्रवचनं उतरून घेतली गुरुजींनी, म्हणून ती आज आपल्या हातात आहेत. ‘श्यामची आई’ लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात.

देवळाच्या दाराचा प्रश्न गुरुजींनीच पहिल्यांदा काढला असं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षं चालला. लोकांनी लाठ्या आणि दगड खाल्ले, पण दार काही उघडलं नाही.

१९४६ साली स्वराज्य दिसू लागलं होतं. आपण मोकळे होणार, आणि आपलाच भाऊ विठोबाच्या दाराबाहेर राहणार, हे गुरुजींना सोसवेना. कार्तिकीच्या सुमारास त्यांनी उपोषणाचा विचार जाहीर केला. सहकाऱ्यांनी विनवलं, आधी लोकांकडे जाऊ या. गुरुजींनी ते ऐकलं. सहा महिने महाराष्ट्रभर हिंडले. सेनापती बापटांसारखी वडीलधारी माणसं आणि सेवादलाची मुलं पाठीशी होती. गावोगावी सभा झाल्या, गाणी झाली. कित्येक गावांनी आपली देवळं आणि पाणवठे खुले केले. पंढरीचं दार मात्र बंदच राहिलं. तेव्हा १ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केलं.

आता इथं जरा थांबून बघू या. गुरुजी बसले कुठं? महाद्वारात आडवे पडले नाहीत, की कुणा वारकऱ्याची वाट अडवली नाही. कुशाबा तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला, तिथं ते राहिले. महाराजांचं हे धाडसही थोडंथोडकं नव्हतं. वारकऱ्यांतल्याच काही मंडळींचा रोष त्यांनी पत्करला.

विरोध करणारे सगळे दुष्ट होते असं समजू नये. पुष्कळांची श्रद्धा खरी होती. देवाची रीत मोडली तर आपल्या उपासनेला बाध येईल, ही त्यांची भीती होती. सान्यांनी भीमेपार चालतं व्हावं, दार उघडणार नाही, अशा घोषणा त्यांनी दिल्या. गुरुजींचं म्हणणं साधं होतं. आणखी एका लेकरानं पायावर डोकं ठेवलं म्हणून आधीच्या लेकराचा देव कमी होत नाही. तुमची पूजा तुम्ही करा, पण दुसऱ्याला त्याच्या देवापासून तोडणं हा तुमच्या पूजेचा भाग होऊ शकत नाही.

माउलींच्या पालखीत समाजआरतीला काय होतं ते आपण जाणतोच. चोपदार दंड उंचावतात आणि सगळे टाळ-मृदंग गप्प होतात. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा करतात, मग आरती होते. गाऱ्हाणं मांडणाऱ्याला कुणी सोहळ्याबाहेर काढत नाही, आणि गाऱ्हाणं मांडणारा पालखी अडवून धरत नाही. गुरुजींचं उपोषण हा असाच वाजत राहिलेला टाळ होता.

तरी एक अवघड प्रश्न उरतोच. आपण मरायला टेकायचं, आणि समोरच्यानं त्या धाकानं मान डोलवायची, ही जबरदस्ती नव्हे का? दुसऱ्या कुणाला नाही, खुद्द गांधीजींना हे उपोषण पटलं नव्हतं. त्यांनी तार करून ते सोडायला सांगितलं. गांधीजी म्हणजे गुरुजींचं दैवत. पण गुरुजींनी नम्रपणे नकार दिला. त्यांचं मन त्या दिवसांत किती पिळवटलं असेल! या प्रश्नाचं उत्तर ज्यानं त्यानं शोधावं. एवढं खरं, की सहा महिने दारोदार समजावून झाल्यावरच त्यांनी हा मार्ग धरला, आणि त्याची झळ सोसली ती स्वतःच्या देहानं.

दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली. बडवे मंडळी राजी झाली. १० मे रोजी उपोषण सुटलं. त्याच साली मुंबई इलाख्यात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, आणि पंढरीचं दार सर्वांना खुलं झालं. ज्यांना हे रुचलं नाही, त्यांतल्या काहींनी गाभाऱ्यात जाणं सोडलं, बाहेरूनच कळसाला नमस्कार करू लागले. त्यांना कुणी ओढून आत नेलं नाही. भाव ज्याचा त्याचा.

गांधीजींच्या खुनानंतर गुरुजींनी २१ दिवसांचं उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक काढलं. २६ जानेवारी १९५० ला देशाची राज्यघटना लागू झाली. शांततेनं जमायचा हक्क, आपापल्या धर्माप्रमाणे उपासना करायचा हक्क, आणि अस्पृश्यतेला बंदी, हे सगळं तिच्यात शेजारी शेजारी आलं. ते बघून गुरुजी ११ जून १९५० रोजी आपल्यातून गेले. वय अवघं पन्नास.

माउली, आजही कुठं ना कुठं गाऱ्हाणी निघतात. कधी रस्ता अडतो, कधी देऊळ. गाऱ्हाणं मांडणाऱ्यानं आपल्यामुळं कुणाची वारी चुकत नाही ना, हे बघावं. आणि आत उभ्या असलेल्यानं बाहेर कुणाचा टाळ वाजतोय का, इकडे कान द्यावा. पुढच्या आषाढीला पायावर डोकं ठेवताना त्या पालगडच्या पांडुरंगाचीही आठवण असू द्या.

राम कृष्ण हरी!