कौतिकची भाषा, आपली भाषा

कथा लिहायला बसलात की तुमचा हिरो एकदम पुण्यासारखं बोलायला लागतो का? माझा लागायचा. मी घरी 'काऊन वं माय' म्हणणार, डोळ्याला डोया म्हणणार आणि कागदावर मात्र सगळे साफसूफ. एका कथेत चुकून दोन वऱ्हाडी वाक्यं आली तर मास्तरांनी लाल पेनानं खोडली होती. तेव्हा उद्धव शेळके वाचले असते तर भांडलो असतो.

शेळके आपल्या अमरावतीचे. 1992 मध्ये गेले, म्हणजे तुमच्यामाझ्या जन्माआधीच. तिशीच्या आसपास असताना, 1960 साली, त्यांची 'धग' आली. एक गरीब शिंपी कुटुंब. नवरा महादेव, ज्याच्यावर घर टाकता येत नाही आणि बायको कौतिक, जी ते घर अंगावर ओढून चालते. बस, एवढंच. खून नाही, लव्हस्टोरी नाही, ट्विस्ट नाही. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. का?

मला वाटतं, संवादांमुळे. कौतिक गरिबीवर भाषण देत नाही. ती पोरांवर ओरडते, शेजारणीशी बोलते, कामाला जाते. आणि त्या बोलण्यातूनच घरात आज पीठ आहे की नाही ते तुम्हाला कळतं. लेखक मध्ये येऊन काहीच समजावत नाही. शिवाय भाषा वऱ्हाडी आहे म्हणून ती विनोदी नाही, हे फार महत्त्वाचं. आपल्याकडे वऱ्हाडी बोललं की लोक आधी हसतात ना! इथं त्याच बोलीत एक बाई तुटेपर्यंत झुंजते.

पुढची गोष्ट जरा कडू आहे. शेळक्यांनी लेखणीवरच पोट भरायचं ठरवलं. मराठीत, तेही वऱ्हाडात राहून! मग खपणाऱ्या कादंबऱ्या भराभर लिहाव्या लागल्या, पुस्तकांची संख्या शंभराच्या वर गेली. समीक्षकांनी नाकं मुरडली, 'धग'चा लेखक वाया गेला म्हणाले. मला हे पूर्ण पटत नाही. किराण्याचं बिल समीक्षक भरत नव्हते. पण 'धग'च्या तोडीचं पुन्हा झालं नाही, हेही खरंच.

कॉलेजच्या लायब्ररीत 'धग' असेलच. पहिली दहा पानं मोठ्यानं वाचा. मी आजीसमोर वाचली, तर तिनं दोनदा थांबवून माझे उच्चार सुधारले.