डॉ. नेल्सन अ‍ॅनन्डेल

डॉ. अ‍ॅनन्डेल यांचा जन्म १८७६ सालीं एडिंबरो येथें झाला. १९०७ सालीं ते कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे प्रमुख झाले. १९१६ सालीं ‘झूलॉजिकल सर्व्हे’ खातें निघालें, त्याचें संचालकपद प्रथम त्यांजकडेच आलें. गांवतळ्यांतील पट्टेदार गोगलगाय अंडीं न घालतां पिलांनाच जन्म देते, हें किती जणांस ठाऊक असेल? सेवेल यांच्यासह त्यांनीं १९२१ सालीं तिच्यावर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. एकाच जातीचे शंख निरनिराळ्या पाण्यांत निराळे दिसतात. केवळ त्यांवरून जात ठरवूं गेल्यास फसगत व्हावयाचीच. म्हणून आंतील शरीररचना व वसतिस्थानही ते तपासीत. ब्रह्मदेशांतील इनले सरोवराच्या गोगलगाईंना ‘तैया’ हें प्रजातिनाम त्यांनींच १९१८ सालीं दिलें. १९२४ च्या एप्रिलांत, वयाच्या ४७ व्या वर्षीं, ते कलकत्त्यास निवर्तले.