तीन वर्षं मनोरुग्णालयात काढली, बाहेर येऊन चळवळ उभी केली. क्लिफर्ड बिअर्स यांची गोष्ट

गावात कुणाचं मन बिघडलं की घरातले आधी ते झाकायला बघतात. लग्नकार्याला त्या माणसाला नेत नाहीत, पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवतात. मग देवऋषी, अंगारा, आणि सगळं करून दमलं की दवाखाना. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही असंच झाकायचे. तिथल्या एका माणसानं मात्र स्वतःचा आजार स्वतःच्या नावानिशी जगासमोर मांडला.

क्लिफर्ड बिअर्स यांचा जन्म ३० मार्च १८७६ चा, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरातला. मोठ्या भावाला फिट यायच्या. आपल्यालाही तेच होणार, ही भीती शिकत असतानाच त्यांच्या डोक्यात शिरली. तरी १८९७ ला येल विद्यापीठातून शिक्षण पूर्ण केलं, न्यूयॉर्कला विमा कंपनीत नोकरी धरली. पण मनातलं कुणाला बोलले नाहीत, आतल्या आत कुढत राहिले. जून १९०० मध्ये त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. पायांना जबर मार लागला, पण वाचले.

पुढची तीन वर्षं तीन वेगवेगळ्या मनोरुग्णालयांत गेली. बोलणं जवळजवळ बंद झालं. भेटायला येणारे नातलग खरे नाहीत, सोंग घेतलेले गुप्तहेर आहेत, असं त्यांना पक्कं वाटायचं. सख्खा भाऊ समोर बसला तरी विश्वास बसेना.

दुसऱ्या रुग्णाची मदत

ही गाठ सुटायला तिथल्याच एका दुसऱ्या रुग्णाची मदत झाली. दोघांचं जमलं होतं, आणि त्या रुग्णाला बाहेर फिरायची मोकळीक होती. भावाचा पत्ता खरा आहे का, ते त्यानं शहराच्या पत्त्यांच्या पुस्तकात बघून सांगितलं. मग बिअर्स यांनी भावाला पत्र लिहून कळवलं, की भेटायला येताना हेच पत्र सोबत आणायचं. ३० ऑगस्ट १९०२ ला भाऊ ते पत्र हातात घेऊन आला. तेव्हा कुठं त्यांना पटलं की हा आपलाच भाऊ आहे.

पण आजार तिथं संपला नाही. उदासी गेली आणि उलटं झालं. बोलणं थांबेना, डोक्यात मोठमोठ्या योजना. मग बांधून ठेवणं, थंड कोठडी, कर्मचाऱ्यांची मारहाण हे सगळं त्यांनी भोगलं. सगळ्यात वाईट वॉर्डात काय चालतं ते बघायला ते मुद्दाम तिथं गेले. आतूनच त्यांनी राज्याच्या गव्हर्नरला पत्र लिहून तक्रार केली. १९०३ मध्ये ते सुटले.

बाहेर आल्यावर पुन्हा नोकरी धरली, पण आतलं विसरले नाहीत. १९०८ मध्ये आपली सगळी हकिगत पुस्तकात छापली. नाव लपवलं नाही. नावाजलेले मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच वर्षी कनेक्टिकटमध्ये आणि १९०९ मध्ये देशपातळीवर संस्था उभी राहिली. रुग्णाला माणसासारखं वागवा, आजार वाढायच्या आधी उपचार करा आणि ते गावाजवळ मिळू द्या, हे तिचं सांगणं. १९१३ मध्ये न्यू हेवनला दवाखाना निघाला. तिथं दाखल न होता, घरी राहून उपचार घेता यायचे. १९३० मध्ये वॉशिंग्टनला जागतिक परिषद भरली. आज १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन पाळतात, तो सुरू करणारी संस्थाही याच चळवळीतून पुढे आलेली.

शेवटी आजारानं त्यांना पुन्हा गाठलं. १९३९ मध्ये ते स्वतःहून रुग्णालयात दाखल झाले आणि ९ जुलै १९४३ ला तिथंच वारले. म्हणून त्यांचं काम वाया गेलं असं कुणी म्हणू नये. साखर, बीपी पुन्हा वाढतं, तसंच हेही. मधल्या पस्तीस-छत्तीस वर्षांत त्यांनी किती घरांची दारं उघडली ते बघावं.

आपल्याकडे काय?

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं आपण म्हणतो. आता अनेक देशांत बरे झालेले रुग्ण शिकून दुसऱ्या रुग्णाला धीर देण्याचं काम करतात. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ उपक्रमात गावातलेच स्वयंसेवक तयार केले गेले. खचलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचं आणि गरज असेल तर दवाखान्यापर्यंत न्यायचं, एवढं त्यांचं काम. त्याला काही मोठी इमारत लागत नाही.

तुमच्या घरात, भावकीत कुणी गप्प झालं असेल, झोप-जेवण सुटलं असेल, जीवाचं बरंवाईट करायची भाषा करत असेल, तर एकटं सोडू नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आणि तुम्ही स्वतः यातून बाहेर पडला असाल, तर त्या माणसाजवळ जाऊन बसा. तुमचं त्याला लवकर पटेल.