डोरोथी डे : एका आईची वाट



संत म्हटले की लहानपणापासून देवळात वाढलेली व्यक्ती आपल्या डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील डोरोथी डे तशी नव्हती. तिच्या आयुष्यातील एक निर्णय आम्हांला फार अवघड वाटतो, म्हणून आज तिच्याविषयी लिहीत आहोत.

डोरोथीचा जन्म १८९७ साली ब्रुकलिन येथे झाला. वडिलांप्रमाणे तीही पत्रकार झाली आणि समाजवादी वर्तमानपत्रांत लिहू लागली. स्त्रियांच्या मतदानहक्कासाठी निदर्शने केली म्हणून १९१७ साली तिने तुरुंगवास भोगला. तरुणपणी तिने गर्भपात केला. आता आपल्याला मूल होणार नाही, अशी भीती त्यानंतर तिच्या मनात घर करून राहिली.

पुढे स्टेटन आयलंडच्या समुद्रकिनारी ती फॉर्स्टर बॅटरहॅम या निरीश्वरवादी गृहस्थाबरोबर लग्नाविना राहू लागली. १९२६ साली मुलगी झाली, टमार. एवढ्या मोठ्या आनंदाबद्दल आभार मानायचे तर कोणाचे, हा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. (सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे पाच मार्ग पाठ केले, तिला एक तान्हे बाळ पुरले!) मुलीचा स्नानसंस्कार तिने करून घेतला. स्वतःलाही ख्रिस्तसभेत यायचे होते, पण फॉर्स्टरला धर्म नको होता आणि विवाहही नको होता. तिचे त्याच्यावर मनापासून प्रेम होते. अखेर डिसेंबर १९२७ मध्ये ती त्याच्यापासून दूर झाली आणि तिने स्नानसंस्कार घेतला. त्या दिवशी तिला आनंद झाला नाही. ज्या कामगारांसाठी आपण झटलो त्यांना सोडून श्रीमंतांच्या बाजूला गेलो की काय, हीही टोचणी होती.

८ डिसेंबर १९३२ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला, वॉशिंग्टनमधील मरियामातेच्या देवालयात तिने गरिबांसाठी वाट दाखव म्हणून रडत प्रार्थना केली. घरी परतली तर पीटर मॉरिन नावाचा एक फ्रेंच माणूस तिला भेटायला आला होता. त्या दोघांनी १ मे १९३३ रोजी ‘कॅथॉलिक वर्कर’ हे वर्तमानपत्र काढले. किंमत एक सेंट. ती पुढे कधी वाढवली नाही. मंदीने बेघर झालेल्यांसाठी घरे उघडली. सूप, कॉफी, अंथरूण. कोणालाही धर्म विचारला जात नसे. दुसऱ्या महायुद्धातही तिने युद्धाला विरोधच केला, तेव्हा वर्गणीदार मोठ्या संख्येने गळाले. याबाबत तिच्याशी सर्वांचे एकमत होईल असे नाही, आमचेही पूर्ण नाही.

१९७० साली ती कलकत्त्यात मदर तेरेसांना भेटली. १९७३ साली, वयाच्या पंचाहत्तरीत, शेतमजुरांबरोबर पुन्हा तुरुंगात गेली. २९ नोव्हेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये ती देवाघरी गेली. २००० साली तिच्या संतपदाची प्रक्रिया सुरू झाली.

फॉर्स्टरची हकिगत मात्र राहिली. त्याने पुढे दुसऱ्या स्त्रीबरोबर संसार थाटला. ती कर्करोगाने अंथरुणाला खिळली तेव्हा त्याला काही सुचेना. त्याने डोरोथीला बोलावले. ती गेली आणि अखेरपर्यंत त्या बाईची शुश्रूषा करत राहिली. मरणापूर्वी त्या बाईने स्नानसंस्कार मागून घेतला.