दुखण्याला नाव मिळाले तेव्हा

फेब्रुवारी १९७३. न्यूयॉर्कमध्ये तालमीला आलेल्या जॅकलिन द्यू प्रे हिला चेलोची पेटी उघडणेही कठीण जात होते. बोटांना तारा जाणवत नव्हत्या. बोट कुठे ठेवायचे, हे डोळ्यांनी पाहावे लागत होते. ठरलेल्या कार्यक्रमांपैकी शेवटच्या कार्यक्रमातून तिने माघार घेतली.

२६ जानेवारी १९४५ रोजी ऑक्सफर्डमध्ये जन्मलेली जॅकलिन विशीतच जगप्रसिद्ध झाली होती. १९६५ मध्ये तिने एल्गार यांच्या चेलो कन्चेर्टोचे केलेले ध्वनिमुद्रण आजही ऐकले जाते. १९७१ च्या सुमारास तिच्या बोटांतली संवेदना कमी होऊ लागली. मध्येच बरे वाटे, पुन्हा त्रास सुरू होई. हा मनावरच्या ताणाचा परिणाम असावा, असेच बराच काळ मानले गेले. न्यूयॉर्कला जाण्याआधी लंडनमध्ये तिने मुंबईच्या झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली एल्गारची तीच रचना वाजवली.

ऑक्टोबर १९७३ मध्ये निदान झाले: मल्टिपल स्क्लेरोसिस. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणावर हल्ला करते. लक्षणे येतात-जातात, म्हणून शंका मनावर जाते. निदान ऐकून तिला धक्का बसला, पण सुटकेची भावनाही झाली. त्रास मनाचा खेळ नव्हता, हे कळले होते. चेलो हातून सुटला, तरी तिने शिकवणे चालू ठेवले. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी, ४२ व्या वर्षी ती गेली.

तिच्या काळात निदानाने नाव मिळे, पण आजाराची वाटचाल मंदावणारे औषध नव्हते. असे पहिले औषध, बीटा इंटरफेरॉन, अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झाले. आज एमआरआयने मेंदूतील डाग दिसतात, गरज पडल्यास पाठीतील पाणी तपासतात. उपचार लवकर सुरू झाले, तर आजाराचे झटके कमी करता येतात.

हातापायांना येणाऱ्या प्रत्येक मुंग्या म्हणजे हा आजार नव्हे. बी-१२ ची कमतरता किंवा मानेतली दबलेली नसही कारण असते. पण बधिरपणा दिवसेंदिवस टिकला, एका डोळ्याने अचानक अंधुक दिसू लागले किंवा तोल जाऊ लागला, तर ‘काही निघाले तर?’ या भीतीने थांबू नये. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. लक्षणे ओसरली, तरीही.